बंद खोलीत रेकॉर्डिंगचं यंत्र नेणारा माणूस : कार्ल रॉजर्स

मानसोपचार म्हटलं की आपल्याकडे दोन नावं चटकन पुढे येतात. एक फ्रॉइड. दुसरं अल्बर्ट एलिस. डॉ. अंजली जोशी यांच्या 'मी अल्बर्ट एलिस' या कादंबरीमुळे हे दुसरं नाव मराठी घराघरात पोचलं. कार्ल रॉजर्स हे नाव मात्र बी.ए.च्या मानसशास्त्राच्या पुस्तकातल्या एखाद्या परिच्छेदात भेटतं आणि पान उलटलं की विसरलं जातं. भेटतं तेही एक प्रेमळ, शांतपणे ऐकून घेणारा गृहस्थ म्हणून.

रॉजर्स प्रेमळ होते यात वाद नाही. पण त्यांनी केलेलं सगळ्यात धाडसी काम वेगळं आहे आणि ते सहसा कोणी सांगत नाही. मानसोपचाराच्या बंद खोलीत नेमकं काय घडतं, हे त्यांनी यंत्रावर मुद्रित केलं, मोजलं आणि सगळ्यांसमोर मांडलं. त्या मोजमापाने त्यांना मान दिला, तसा पुढे चांगलाच त्रासही दिला.

आधी त्या काळची परिस्थिती लक्षात घ्या. एका खोलीत दोन माणसं तासभर बोलतात. त्यातला एक त्रासलेला असतो. असे तीस-चाळीस तास झाल्यावर तो बरा होतो किंवा होत नाही. आत काय झालं हे सांगणार कोण? डॉक्टर. आणि सांगणार कशावरून? रात्री घरी जाऊन आठवून लिहिलेल्या टिपणांवरून. फ्रॉइड यांनी तर बैठक चालू असताना टिपणं घेऊच नयेत, त्याने लक्ष विचलित होतं, असाच सल्ला दिला होता. म्हणजे या शास्त्राचा सगळा पुरावा एका माणसाच्या आठवणीवर उभा होता, आणि तो माणूसही निकालात हितसंबंध असलेला. कोर्टात असा साक्षीदार टिकला नसता.

कार्ल रॉजर्स यांचा जन्म ८ जानेवारी १९०२ चा, शिकागोजवळच्या ओक पार्कमधला. सहा भावंडांतले ते चौथे. वडील बांधकामाच्या धंद्यातले इंजिनिअर, घरात पैसा बऱ्यापैकी. पण वातावरण कडक धार्मिक. पत्ते नाहीत, नाच नाही, नाटक-सिनेमा नाही, दारूचं तर नावच नको. साधं सोडा-लेमनसुद्धा काहीसं पापाचं वाटायचं, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय. मुलगा अशक्त, एकलकोंडा आणि पुस्तकात बुडालेला.

कार्ल बारा वर्षांचा असताना वडिलांनी शिकागोच्या पश्चिमेला शेत घेतलं आणि सगळं बिऱ्हाड तिकडे हललं. शहराच्या वाऱ्यापासून मुलं लांब राहावीत हा हेतू. तिथे या मुलाला रात्री उडणाऱ्या मोठ्या पतंगांचं वेड लागलं. अळ्या आणायच्या, पाळायच्या, कोषातून बाहेर येईपर्यंत महिनेन्‌महिने वाट बघायची.

वडिलांना शेती शास्त्रीय पद्धतीने करायची होती, म्हणून घरात शेतीची पुस्तकं येत. त्यात मॉरिसन यांचा जनावरांच्या खाद्यावरचा एक जाडजूड ग्रंथ होता. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराने तो वाचून काढला. गाईला अमुक खाद्य दिलं आणि दूध वाढलं, एवढं म्हणून भागत नाही. तशाच दुसऱ्या गाईंना ते न देता काय झालं हेही बघावं लागतं. वाफ्याला खत घालायचं तर शेजारचा एक वाफा बिनखताचा ठेवायचा. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. मनाच्या डॉक्टरांच्या डोक्यात मात्र ते शिरायला अजून पुष्कळ वर्षं जायची होती, आणि जो ते घेऊन आला तो हाच शेतावरचा मुलगा.

विस्कॉन्सिन विद्यापीठात शेतीशास्त्रासाठी प्रवेश घेतला, पण मन धर्मकार्याकडे ओढलं म्हणून विषय बदलून इतिहास घेतला. १९२२ मध्ये ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या जागतिक परिषदेसाठी निवड होऊन ते चीनला गेले. सहा महिन्यांच्या त्या प्रवासात वेगवेगळ्या देशांची, वेगवेगळ्या मतांची माणसं भेटली आणि घरून आणलेल्या समजुती गळून पडल्या. पत्रं पोचायला फार दिवस लागत. घरच्यांचं रागाचं उत्तर येईपर्यंत मुलगा आणखी पुढे गेलेला असे.

१९२४ मध्ये पदवी, त्याच वर्षी लहानपणीची मैत्रीण हेलन हिच्याशी लग्न, आणि न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत पाद्री होण्याचं शिक्षण. दोन वर्षांनी तेही सोडलं. अमुकच मानलं पाहिजे अशी अट असलेल्या पेशात आपला निभाव लागणार नाही, हे कळून चुकलं होतं. रस्त्यापलीकडेच कोलंबिया विद्यापीठाचं टीचर्स कॉलेज होतं. तिथे मानसशास्त्रात शिरले. १९३१ मध्ये डॉक्टरेट मिळाली, तीही मुलांचं व्यक्तिमत्त्व जुळवणुकीच्या अंगाने मोजणारी चाचणी तयार करून. मोजणं तिथपासूनच सोबतीला होतं.

१९२८ ला नोकरी लागली ती रॉचेस्टर शहरात, मुलांवरचे अत्याचार रोखणाऱ्या संस्थेच्या बालअभ्यास विभागात. पगार वर्षाला २९०० डॉलर. कोर्टाने, शाळांनी, संस्थांनी पाठवलेली मुलं यायची. चोऱ्या करणारी, पळून जाणारी, मार खाल्लेली. बारा वर्षं ते तिथे होते, आणि पुढचा सगळा रॉजर्स तिथेच घडला.

तिथल्या तीन प्रसंगांबद्दल त्यांनी स्वतः लिहिलंय.

पहिला, आग लावणाऱ्या मुलाचा. त्या काळच्या नामांकित तज्ज्ञांच्या पुस्तकात अशा वागण्यामागे लैंगिक स्वरूपाचं दडलेलं कारण असतं असं होतं. रॉजर्सनी मुलाशी दिवसेंदिवस बोलून ते कारण शोधून काढलं. झालं, कोडं सुटलं. मुलाला सोडून दिलं. त्याने परत आग लावली. तज्ज्ञ चुकू शकतात, हे तेव्हा पहिल्यांदा मनाला लागलं.

दुसरा, एका छापील मुलाखतीचा. सुरुवातीच्या दिवसांत त्यांना एका आईची शब्दशः छापलेली मुलाखत मिळाली होती. विचारणारा किती हुशारीने तिला कबुलीपर्यंत आणतो, हे बघून ते खूश झाले आणि सहकाऱ्यांना शिकवायलाही त्यांनी तीच वापरली. काही वर्षांनी तोच कागद परत हातात आला आणि ते हबकले. ती मुलाखत वकिलाच्या उलटतपासणीसारखी वाटत होती. बाईला दोषी ठरवलं होतं, आणि त्याने ना तिचं भलं झालं होतं ना पोराचं. कागद तोच. बदलले होते ते वाचणारे. पण शब्द जसेच्या तसे उतरवलेले होते, म्हणूनच हे ध्यानात तरी आलं. टिपणं असती तर ती कायम हुशारच वाटली असती.

तिसरा प्रसंग सगळ्यात प्रसिद्ध. एका उनाड मुलाची आई. तिने मुलाला मनातून नाकारलंय हे रॉजर्सना स्पष्ट दिसत होतं, आणि ते तिला पटवायचा प्रयत्न बारा बैठका झाल्या तरी जमेना. शेवटी, आपल्याकडून हे होत नाही, थांबूया, असं त्यांनी सांगितलं. ती उठली, दारापर्यंत गेली आणि वळून विचारती झाली की इथे मोठ्या माणसांनाही सल्ला देता का. हो म्हटल्यावर परत खुर्चीत बसली आणि नवऱ्याबरोबरच्या संसाराची कर्मकहाणी तिने जी सुरू केली, तिचा आधी सांगितलेल्या इतिहासाशी काही संबंधच नव्हता. खरा उपचार तिथे सुरू झाला. कुठे दुखतं हे दुखणाऱ्यालाच माहीत असतं, ही रॉजर्सची पुढची सगळी विचारसरणी त्या दारातून आली.

१९४० मध्ये ते ओहायो स्टेट विद्यापीठात प्राध्यापक झाले. डिसेंबरमध्ये मिनेसोटा विद्यापीठात त्यांनी भाषण दिलं. सल्ले देणं, समजावणं, पटवणं ही जुनी पद्धत सोडून माणसाला स्वतःची वाट स्वतः शोधू द्यावी, असा त्याचा रोख. टाळ्या मिळाल्या, तशा शिव्याही. आपण काहीतरी नवीन बोलतोय हे आपल्यालाच त्या दिवशी कळलं, असं ते पुढे सांगायचे.

इथे दुसरा कोणी असता तर या मताचा पंथ काढून बसला असता. रॉजर्सनी ओहायोत रेकॉर्डिंगची यंत्रं जमवली.

टेपरेकॉर्डर नव्हते. होत्या त्या ग्रामोफोनच्या तबकड्या. सुई कोऱ्या तबकडीवर खाच पाडत जायची. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत, म्हणून दोन यंत्रं आळीपाळीने चालवायची. खाच पडताना निघणारा कीस सारखा ब्रशने झटकत राहायचं, नाहीतर सुई घसरायची. बर्नार्ड कोव्हनर नावाच्या विद्यार्थ्याने ही सगळी जुळणी केली. मग तबकड्या पुन्हापुन्हा वाजवून शब्दन्‌शब्द टाइप करायचा. लग्नाच्या जुन्या कॅसेटवरची भाषणं कोणी कागदावर उतरवून बघावीत, म्हणजे हे किती जिकिरीचं काम आहे ते कळेल.

याआधी असा प्रयत्न कोणी केला नव्हता असं नाही. अर्ल झिन आणि हॅरोल्ड लॅसवेल यांनी मनोविश्लेषणाच्या बैठका मुद्रित केल्या होत्या. पण त्यातून संशोधनाची शिस्तशीर पद्धत रॉजर्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी उभी केली. विरोध कडाडून झाला. यंत्रासमोर रोगी मोकळा बोलणार नाही, उपचाराचं पावित्र्य बिघडेल, वगैरे. लोक थोड्या वेळात यंत्र विसरतात, हे लवकरच दिसून आलं. यंत्राची भीती जास्त करून डॉक्टरांनाच होती. (आज लेखी संमतीशिवाय असं काही करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. त्या काळी नियम इतके पक्के नव्हते.)

तबकड्या वाजल्या आणि पहिला धक्का खुद्द रॉजर्सच्या चमूला बसला. आपण दिशा देत नाही अशी त्यांची समजूत होती. ऐकल्यावर दिसलं की ठिकठिकाणी आपणच बोलणं वळवलंय. माणूस अगदी दुखऱ्या जागेपाशी आला होता, तेवढ्यात आपण एक प्रश्न टाकला आणि तो गप्प झाला. कोव्हनरने सल्लागारांनी लिहिलेली टिपणं मुद्रणाशी ताडून पाहिली. लिहिलेलं बरंचसं खरं होतं, पण बैठकीतला मोठा भाग टिपणात आलेलाच नव्हता.

मग मोजणी. पोर्टर नावाच्या विद्यार्थ्याने सल्लागाराचं प्रत्येक वाक्य वर्गवारीत बसवलं. प्रश्न, सल्ला, समजूत घालणं, समोरच्याची भावना ओळखणं, असं. सल्ले देणाऱ्या पद्धतीतले सल्लागार क्लायंटच्या जवळजवळ तिप्पट बोलत होते. रॉजर्सच्या पद्धतीतले त्याच्या निम्म्याहूनही कमी. स्नायडर या दुसऱ्या विद्यार्थ्याने क्लायंटची वाक्यं घेतली. सुरुवातीच्या बैठकांत अडचणींचं वर्णन जास्त. पुढे पुढे ते कमी होत जातं आणि स्वतःबद्दल काहीतरी उमगल्याची वाक्यं वाढतात. साधीच मोजदाद वाटते. पण मानसोपचारात असं काही मोजता येतं हेच तोवर कोणाच्या गावी नव्हतं.

१९४२ मध्ये रॉजर्सचं 'काउन्सेलिंग अँड सायकोथेरपी' हे पुस्तक आलं. त्याचा दीडशेहून अधिक पानांचा भाग म्हणजे हर्बर्ट ब्रायन असं टोपणनाव दिलेल्या एका तरुणाच्या आठ बैठका. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. अशी पूर्ण हकिगत तोवर छापलीच गेली नव्हती. त्यात टिपा होत्या, आणि सल्लागाराचं कुठे चुकलं हेही त्या टिपांत होतं. त्याच पुस्तकात त्यांनी रोगी हा शब्द सोडून क्लायंट हा शब्द रुळवला. येणारा माणूस आजारी नाही, कामासाठी आलाय, आणि कामाची जबाबदारी त्याचीही आहे, हा त्यातला अर्थ.

१९४५ मध्ये शिकागो विद्यापीठाने बोलावलं आणि तिथे समुपदेशन केंद्र उभं राहिलं. १९४६-४७ ला अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचं अध्यक्षपद. बाहेरून सगळं चढतं. आतून मात्र १९४९ च्या सुमारास एक फार बिघडलेली क्लायंट सांभाळताना रॉजर्स स्वतःच कोलमडायच्या बेताला आले. तिला दुसऱ्याकडे सोपवलं आणि हेलनला घेऊन दोन-तीन महिने ते निघून गेले. परत आल्यावर आपल्याच केंद्रातल्या एका तरुण सहकाऱ्यासमोर ते क्लायंट म्हणून बसले. त्यांनी हे कधी लपवलं नाही.

याच काळात लंडनहून एक बाण सुटला. हान्स आयझेंक या मानसशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये लिहिलं की मनाचा त्रास असलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोक मानसोपचार न घेताही दोन वर्षांत सुधारतात, तेव्हा तुमचा उपचार काही करतो याला पुरावा काय? प्रश्न बोचरा होता आणि तो विचारायलाच हवा होता. बहुतेकांनी आयझेंकला शिव्या घातल्या. रॉजर्सकडे पुरावा आधीच जमू लागला होता.

शिकागोच्या या अभ्यासाचा गाभा पत्त्यांच्या खेळासारखा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. विल्यम स्टीफन्सन यांची ही पद्धत. शंभर कार्डं. प्रत्येकावर स्वतःविषयीचं एक वाक्य, म्हणजे मी लाजाळू आहे, मी कष्टाळू आहे, अशा धाटणीचं. ही कार्डं नऊ ढिगांत लावायची. एका टोकाला मला अजिबात लागू नाही, दुसऱ्या टोकाला अगदी माझंच वर्णन. कुठल्या ढिगात किती कार्डं हे ठरलेलं. टोकाला एकेक, मधल्यात सव्वीस. त्यामुळे सगळंच छान किंवा सगळंच वाईट म्हणायची सोय नाही. एकदा मी जसा आहे तसं लावायचं, मग मला जसं व्हायचंय तसं. दोन्ही मांडण्या किती जुळतात याचा आकडा काढायचा. पूर्ण जुळल्या तर एक, काहीच संबंध नसला तर शून्य.

बटलर आणि हेग या दोघांनी पंचवीस क्लायंटांचे आकडे काढले. उपचाराआधी सरासरी जवळपास शून्य. म्हणजे मी जो आहे आणि मला जो व्हायचंय, या दोघांची ओळखसुद्धा नाही. उपचारानंतर ०.३४. काही महिन्यांनी पुन्हा पाहिलं तेव्हा ०.३१, म्हणजे सुधारणा बऱ्यापैकी टिकलेली. उपचार न मागणाऱ्या साध्या लोकांचा आकडा आधीही ०.५८ च्या आसपास होता आणि नंतरही तेवढाच.

आणि बिनखताचा वाफा? तोही होता. काही क्लायंटांना उपचार सुरू करण्याआधी साठ दिवस थांबवून ठेवलं, आणि नुसत्या वाट बघण्याने फरक पडतो का ते पाहिलं. दारात आलेल्या दुःखी माणसाला दोन महिने थांब म्हणणं सोपं नसतं. शेतावरचा वाफा रडत नाही. पण तसं केलं नसतं तर आयझेंकला उत्तर मिळालं नसतं. तरी टीकाकारांनी बरोबर बोट ठेवलं की तुलनेसाठी घेतलेले साधे लोक मुळात उपचार मागणारे नव्हतेच, मग तुलना बरोबरीची कशी? मुद्दा रास्त होता. १९५४ मध्ये रोझलिंड डायमंड यांच्यासह संपादित केलेला हा ग्रंथ आला आणि १९५६ मध्ये असोसिएशनने शास्त्रीय योगदानाचा आपला पहिलावहिला पुरस्कार तिघांना दिला. वोल्फगांग कोहलर, केनेथ स्पेन्स आणि कार्ल रॉजर्स. पहिले दोघे प्रयोगशाळेतले दिग्गज. त्यांच्या रांगेत आपलं नाव ऐकून रॉजर्सना रडू आवरलं नाही म्हणतात.

पुढच्या वर्षी त्यांनी एक छोटा निबंध लिहिला, जो आजही वाचला जातो. माणूस बदलायला काय काय लागतं आणि तेवढं पुरेसं आहे, अशा सहा अटी. त्यातल्या तीन उपचारकाकडून अपेक्षित. तो आतून-बाहेरून एक असावा, समोरच्याचा अटी न घालता स्वीकार करावा, आणि त्याचं जग त्याच्याच नजरेतून समजून घ्यावं. उपचारकाची पदवी, त्याचा सिद्धांत, रोगाचं निदान, यातलं काहीच त्या यादीत नाही. डॉक्टर मंडळी खवळली नसती तरच नवल. पण प्रत्येक अट मोजता आली पाहिजे आणि चुकीची ठरवता आली पाहिजे, अशा बेताने त्यांनी ती मांडली होती.

त्याच सुमारास त्यांनी तास तास मुद्रणं ऐकली, शक्य तितक्या कोऱ्या मनाने. त्यातून बदलाची सात पायऱ्यांची शिडी आकाराला आली. खालच्या पायरीवरचा माणूस फक्त बाहेरच्या गोष्टी बोलतो. ऑफिस, भाऊबंदकी, हवामान. आपल्याला काही अडचण आहे हेच त्याला मान्य नसतं. जरा वर आला की भावना बोलतो, पण जुन्या, कपाटात ठेवलेल्या वस्तूसारख्या. आणखी वर भावना आत्ता, इथे, बोलता बोलता उमटते आणि त्याला स्वतःलाच चकित करते. पहिल्या पायरीवरची माणसं आपल्याकडे काही कमी नाहीत. पण ती समुपदेशकाकडे जातच नाहीत, आणि रॉजर्सनीही हेच लिहिलंय. तपासणी करताना बैठकांचे तुकडे काढून पत्ते पिसावे तसे मिसळले जात. कुठला तुकडा सुरुवातीचा आणि कुठला शेवटचा, हे गुण देणाऱ्याला ठाऊक नसे.

१९५७ मध्ये ते विस्कॉन्सिनला परतले. इथून गोष्ट बिकट होते. मेंडोटा स्टेट हॉस्पिटलमधल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर हाच सिद्धांत तपासायचा त्यांनी घाट घातला. शिकागोचे क्लायंट आपल्या पायांनी आलेले, बोलके, शिकलेले. इथले रुग्ण उपचार मागत नव्हते. काहीजण बोलतच नव्हते. रॉजर्सच्या एका तरुण रुग्णाच्या बैठका छापलेल्या आहेत. त्यात बोलण्यापेक्षा शांतताच जास्त, आणि कुठली शांतता किती वेळ टिकली याची नोंद. एका बैठकीत बऱ्याच वेळाने तो तरुण रडतो. पुष्कळ वर्षांनी त्याने रॉजर्सना फोन करून आपलं नीट चाललंय असं कळवलं.

प्रकल्प म्हणून मात्र हे काम फाटत गेलं. गुण दिलेल्या नोंदींचा साठा मधेच नाहीसा झाला आणि मुद्रणं पुन्हा पहिल्यापासून ऐकून गुण द्यावे लागले. संशोधक चमूत संशय, भांडणं, ग्रंथावर कोणाची नावं घालायची यावरून कायद्याच्या धमक्या. आपल्या सगळ्या कारकिर्दीतला सर्वांत क्लेशकारक काळ म्हणून रॉजर्सनी त्याचा उल्लेख केला आहे. माणसामाणसांत विश्वास कसा निर्माण होतो याचा अभ्यास करणाऱ्यांमध्येच तो उरला नव्हता.

१९६७ मध्ये जाडजूड ग्रंथ निघाला. निकाल? उपचार मिळालेला गट आणि न मिळालेला गट यांत एकूण पाहता म्हणावा असा फरक नव्हता. मात्र ज्या रुग्णांना खरी समज असलेला उपचारक मिळाला ते काहीसे सुधारले, आणि ज्यांना तसा मिळाला नाही ते उलट जरा घसरले. म्हणजे सरासरीत फायदा आणि तोटा एकमेकांना खाऊन बसले होते. वाईट उपचार नुसता निरुपयोगी नसतो, तो नुकसान करतो, ही गोष्ट आकड्यांत दिसली.

त्याहून टोचणारी गोष्ट वेगळीच होती. उपचारक किती समजून घेतोय, याचे गुण तिघांकडून घेतले होते. रुग्णाकडून, मुद्रण ऐकणाऱ्या त्रयस्थांकडून आणि खुद्द उपचारकाकडून. रुग्ण आणि त्रयस्थ यांचं बऱ्यापैकी जमलं. उपचारकाचं स्वतःबद्दलचं मत त्या दोघांशी जुळत नव्हतं. मानसिक आजारी म्हणून दाखल असलेला माणूस खोलीतली परिस्थिती डॉक्टरपेक्षा नीट ओळखत होता. ज्या आठवणीवर आणि टिपणांवर हे शास्त्र पन्नास वर्षं चाललं, तिची किंमत इथे कळली.

मोजमापाचेही पाय मातीचे निघाले. समजुतीला गुण देणाऱ्या त्रयस्थांना मुद्रणातलं रुग्णाचं बोलणं काढून फक्त उपचारकाचं ऐकवलं, तरी त्यांनी तेच गुण दिले. समोरचा काय बोलला हे माहीत नसताना त्याला बरोबर समजून घेतलं की नाही हे कसं ठरवलं? बहुधा ते आवाजातल्या मायेला गुण देत होते. आणि १९६६ मध्ये चार्ल्स ट्रुअक्स यांनी रॉजर्स यांच्याच एका यशस्वी उपचाराची मुद्रणं घेऊन दाखवलं की अमुक प्रकारचं बोलणं आलं की रॉजर्सचा आवाज जास्त आपुलकीचा होतो, तमुक आलं की कमी. म्हणजे दिशा न देणारा माणूसही नकळत दिशा देतच होता. ज्या मायक्रोफोनसाठी त्यांनी खोलीचं दार उघडलं, तो असा त्यांच्याकडे वळला. ओहायोतल्या तबकड्यांनीही पंचवीस वर्षांपूर्वी साधारण हेच सांगितलं होतं.

आणखी एक दुखणं. मोजता येतं तेच शिकवलं जाऊ लागलं. क्लायंटची भावना परत बोलून दाखवणं हे सगळ्यात सहज मोजता यायचं. मग तरुण समुपदेशक पोपटासारखे समोरच्याचं वाक्य त्यालाच ऐकवू लागले, वर हं-हं म्हणत मान हलवायची. त्यावर विनोद निघाले. रॉजर्स या थट्टेने इतके दुखावले की समजून घेण्याविषयी कित्येक वर्षं ते जवळपास बोललेच नाहीत.

विद्यापीठ सोडून ते कॅलिफोर्नियात ला होया इथे गेले. तिथून पुढचे रॉजर्स म्हणजे गटांच्या बैठका, बेलफास्टच्या कॅथलिक-प्रॉटेस्टंटांना एका खोलीत बसवणं, दक्षिण आफ्रिका, रशिया. त्यांच्या एका गटावरच्या माहितीपटाला ऑस्करही मिळालं. लोकांना हेच रॉजर्स जास्त आवडतात. माझ्या मते मात्र मोजणं सुटलं तिथे त्यांच्या लिखाणातली धार थोडी गेली.

एक गोष्ट त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही, ती म्हणजे उघड्यावर काम करणं. १९६० च्या दशकाच्या मध्यावर एव्हरेट शोस्ट्रॉम यांनी चित्रपट केला. एकच तरुण घटस्फोटित स्त्री तीन उपचारकांसमोर बसते. एक रॉजर्स, दुसरे फ्रिट्झ पर्ल्स, आणि तिसरे आपल्या ओळखीचे अल्बर्ट एलिस. कॅमेऱ्यासमोर, दुसरी संधी नाही. त्या बैठकांतला शब्दन्‌शब्द नंतरच्या संशोधकांनी मोजून काढला आणि अजूनही काढतात.

अलीकडच्या एका आढाव्यात रॉबर्ट एलियट आणि सहकाऱ्यांनी ८२ नमुने, म्हणजे सहा हजारांहून जास्त क्लायंट, एकत्र तपासले. उपचारकाची समज आणि उपचाराचा परिणाम यांचा संबंध ०.२८ निघाला. रॉजर्सना वाटलं होतं तेवढा नाही. पण आयझेंकला गप्प करायला पुरेसा, आणि उपचारपद्धती कुठलीही असली तरी थोड्याफार फरकाने टिकणारा.

हेलन १९७९ मध्ये गेली. जानेवारी १९८७ मध्ये रॉजर्सना पंच्याऐंशी वर्षं पूर्ण झाली. काही आठवड्यांतच घरात पडून त्यांच्या कमरेचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली, पण हृदयाने साथ दिली नाही आणि ४ फेब्रुवारीला ते गेले. त्यांची कागदपत्रं वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवली आहेत.